खळं कुठे मांडायचं?

बोईसरला कारखान्यांची पाळी सुटली की रस्त्यावर भोजपुरी, ओडिया, गुजराती सगळं एकदम कानावर पडतं. त्याच गर्दीत वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांतली पोरंही असतात. 2011च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्यात आदिवासी सुमारे 37 टक्के. पण इथे गरब्याला मैदान मिळतं, छटपूजेला तलाव मिळतो. मूळ रहिवाशांना मात्र जमायला आपली म्हणावी अशी जागा नाही. पाड्यावर हा प्रश्नच येत नव्हता. तारापूरचा अणुवीज प्रकल्प 1969 साली सुरू झाला, एमआयडीसी वाढली, जमिनी गेल्या आणि तरुण पाडा सोडून भाड्याच्या खोलीत आले.

तारप्याचा नाच सभागृहात नीट होत नाही. दुधीभोपळा, बांबू आणि मेण यांतून घडवलेलं हे वाद्य वाजवणारा मधोमध असतो, भोवती एकमेकांना धरलेली साखळी सापासारखी वळत जाते आणि नाचणारा तारप्याला पाठ दाखवत नाही. या नाचाला खळं लागतं, म्हणजे सारवलेली मोकळी जमीन. खुर्च्या मांडलेल्या हॉलात स्टेजवर चढवलं की त्याचा ‘कार्यक्रम’ होतो, आणि पाव्हणे टाळ्या वाजवून निघून जातात.

जागा मिळवण्याचं काम इथल्या तरुणांनी पूर्वीही केलंय. 1970च्या भूमी बळकाव सत्याग्रहात काळुराम धोदडे तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर कुठल्याही पक्षाची वाट न बघता त्यांनी सोबत्यांना घेऊन भूमीसेना उभी केली. सावकारांनी गिळलेल्या शेतांतलं पीक कापून आणलं. मध्ये बाहेरच्या जाणत्यांनी कर्जं आणि सुधारित शेतीच्या योजना आणल्या, त्या फसल्या. मग पोरांनी आपली शिबिरं भरवली, गावोगावी तरुण मंडळं काढली. त्यांच्या हाती इमारत नव्हती, तरी मजुरी कोण बुडवतो हे तिथे उघड बोलता येई. मला तर शिबिराची ही मांडवाखालची बैठकच जिल्ह्यातलं पहिलं खरं समाजमंदिर वाटते.

पुढच्या पिढीने आधी इंटरनेट धरलं. ‘आदिवासी युवा शक्ती’ अर्थात आयुशच्या पोरांनी शिकून बाहेर पडलेल्यांना तिथे जोडलं, वारली चित्रकारांच्या हक्कासाठी आवाज उठवला. या चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पालघर-बोईसरचे रस्ते मिरवणुकीने फुलतात. 1982 साली त्याच तारखेला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. पण ती मिरवणूक एका दिवसाची. 10 तारखेला पोरं पुन्हा टपरीवर भेटतात.

पालघरला सिडकोने जिल्हा मुख्यालय बांधलं, सभोवती 440 हेक्टरांवर नवं नगर आखलंय. त्या आराखड्यात शंभर माणसांना फेर धरता येईल एवढं मातीचं खळं, कडेला पाणी आणि सावली, शिवाय किल्ली तरुण मंडळाकडे, एवढं मागायला हरकत काय? भूखंडांची बोली लागण्याआधी मात्र मागायला हवं.