वीतभर हाडापासून मोआपर्यंत

मुलांनो, १८३९ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांच्या हाती एक हाड आलं. न्यूझीलंडहून आलेलं, दोन्ही टोकं मोडलेलं, वीतभरही नसलेलं. ओवेन हाडांचे मोठे जाणकार, पण आधी त्यांनाही ते बैलाचंच वाटलं. मग संग्रहालयातल्या एकेका प्राण्याचं हाड शेजारी ठेवून त्यांनी ते पारखलं. आतली जाळी पाहून त्यांची खात्री पटली, की हे पक्ष्याच्या मांडीचं हाड आहे. न्यूझीलंडमध्ये शहामृगाएवढा पक्षी होता, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं. एवढ्याशा तुकड्यावरून एवढं म्हणायला केवढी हिंमत लागली असेल! १८४३ मध्ये तिकडून पेट्या भरून हाडं आली आणि ओवेन खरे ठरले.

तो पक्षी म्हणजे मोआ. त्याच्या नऊ जाती होत्या. सगळ्यांत मोठ्या जातीची मादी मान उंच केली की साडेतीन मीटरपर्यंत पोचायची आणि तिचं वजन दोनशे किलोंच्या पुढे असायचं. शहामृगाला निदान पंख तरी असतात, मोआला पंखाचं एक हाडसुद्धा नव्हतं. झाडपाला खाऊन तो जगायचा. त्याला भीती होती ती तिथल्याच हास्ट गरुड या शिकारी पक्ष्याची.

साधारण सातशे वर्षांपूर्वी माओरी लोकांचे पूर्वज होड्यांतून न्यूझीलंडला आले. त्यांनी मोआ मारले, अंडीही खाल्ली. मोआची वाढ फार सावकाश होई, त्यामुळे घट भरून निघेना. दीडशे वर्षांच्या आत सगळे मोआ संपले, पाठोपाठ तो गरुडही. हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

१९३९ साली न्यूझीलंडमधल्या वैराऊ बार या ठिकाणी जिम आयल्स या तेरा वर्षांच्या मुलाला जमीन खणताना मोआचं अंडं सापडलं. जुन्या दफनातलं, पाण्याचं भांडं म्हणून भोक पाडलेलं! तिथेच पुढे त्या देशातल्या अगदी पहिल्या वस्त्यांपैकी एक उजेडात आली.

२००३ मध्ये डीएनएने आणखी एक कोडं सोडवलं. ज्या लहानमोठ्या हाडांना वेगवेगळ्या जातींची नावं दिली होती, ती एकाच जातीच्या नरमाद्यांची निघाली. मादी नराच्या दुपटीहून जड! पुढे मोआचा जवळचा नातेवाईकही कळला: दक्षिण अमेरिकेतला तिनामू, कोंबडीपेक्षा फारसा मोठा नसलेला. तो थोडंफार उडतो. तेव्हा मोआचे पूर्वज न्यूझीलंडला उडतच आले असावेत, असं आता अनेक शास्त्रज्ञ मानतात.