कॅमेरा कारखान्यात गेला, तर ताटात काय बदलतं?

वाराणसी शहरापासून वीसेक किलोमीटरवरचं मेहदीगंज काशीयात्रेच्या कुठल्याच यादीत नाही. तिथे आहे कोका-कोलाचा बाटल्या भरण्याचा कारखाना. त्याच्यामुळे आमच्या विहिरी नि हातपंप आटले, असं म्हणत दोन दशकांपूर्वी गावकरी ‘लोक समिती’ या संघटनेबरोबर रस्त्यावर उतरले. कंपनीने हा आरोप मान्य केला नाही. अपुरा पाऊस आणि शेतीसाठी होणारा उपसा यांकडे तिने बोट दाखवलं.

अशी गाऱ्हाणी लखनौच्या कचेरीत अडकतात, पण लंडनला लवकर पोचतात. २००३ साली बीबीसी रेडिओच्या ‘फेस द फॅक्ट्स’ने केरळातल्या प्लाचीमडा इथल्या कोका-कोला कारखान्याचा गाळ तपासून घेतला. शेतकऱ्यांना खत म्हणून दिल्या जाणाऱ्या त्या गाळात शिसं आणि कॅडमियम सापडलं. २००७ मध्ये मार्क थॉमस या विनोदवीराने चॅनल ४साठी याच कंपनीवर माहितीपट केला. त्यात कोलंबिया आणि एल साल्वादोरबरोबर भारतही होता.

असं काही पाहिलं की माणूस हातातला ग्लास खाली ठेवतो. किती दिवस?

अमेरिकेत माया माथुर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले तीन प्रयोग याचं उत्तर देतात. मांसाहार कमी व्हावा या हेतूने बनवलेला माहितीपट काहींना दाखवला, काहींना नाही. पाहिल्यापाहिल्या ‘आता कमी खाईन’ म्हणणारे वाढले. बारा दिवसांनी प्रत्यक्ष खाण्याची चौकशी केली, तर फरक दिसेना. दिवाळीनंतरचे व्यायामाचे संकल्प ज्यांनी केले आहेत, त्यांना याचं नवल वाटू नये.

एकट्या माणसाची जीभ ऐकत नाही. मेन्यू ठरवणारा मात्र घाबरतो. मॅकडोनाल्ड्सच्या खाण्यावरचा ‘सुपर साइज मी’ हा माहितीपट जानेवारी २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि मार्चमध्ये कंपनीने ‘सुपर साइज’ हे सर्वांत मोठं माप बंद करत असल्याचं जाहीर केलं. चित्रपटाशी त्याचा संबंध नाही, असंही सांगितलं. ज्याला पटेल त्याने मानावं. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या शेफने ब्रिटिश शाळांच्या स्वयंपाकघरात नेमकं काय शिजतं ते दूरचित्रवाणीवर दाखवलं, तेव्हा सरकारने शालेय जेवणासाठी २८ कोटी पौंड जाहीर केले. त्या मुलांच्या आवडीनिवडी रातोरात बदलल्या नव्हत्या. बदलली ती सरकारी तिजोरीतली तरतूद.

मेहदीगंजच्या बाबतीतही पहिला धक्का गिऱ्हाइकाने दिला नाही, घाऊक खरेदीदाराने दिला, तोही थॉमसच्या माहितीपटाच्या आधी. भारतातलं पाणी आणि कोलंबियातले कामगार यांवरून विद्यार्थ्यांनी रान उठवल्यावर मिशिगन विद्यापीठाने डिसेंबर २००५ मध्ये कोकची खरेदी थांबवण्याचा निर्णय घेतला. स्वतंत्र तपासणीला कंपनी तयार होताच एप्रिल २००६ मध्ये खरेदी पुन्हा सुरू झाली. ही तपासणी करणाऱ्या ‘टेरी’ या भारतीय संशोधन संस्थेने कंपनीचे सहा प्रकल्प तपासले. त्यात मेहदीगंज होतं, तसंच आपल्या पुण्याजवळचं पिरंगुटही. जानेवारी २००८च्या अहवालात राजस्थानातल्या कालाडेराबद्दल सर्वांत कडक शब्द होते: पाणी दुसरीकडून आणा किंवा साठवून वापरा, नाहीतर प्रकल्प हलवा वा बंद करा.

जून २०१४ मध्ये उत्तर प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाने मेहदीगंजचा कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याला तात्पुरता दिलासा दिला. ऑगस्टमध्ये मात्र कंपनीने तिथल्या विस्ताराचा बेत सोडला. परवानग्यांना फार उशीर झाला, हे तिने दिलेलं कारण.