संशोधकाचा प्रश्न आणि रक्तांतलें अपंगत्व

समाजाचा अभ्यास करणारा मनुष्य हातांत वही घेऊन दारांत उभा राहतो, तेव्हां आपला पहिला प्रश्न तो आधींच ठरवून आलेला असतो. “घरांत कोणी अपंग आहे काय?” पालघर जिल्ह्यांतल्या एखाद्या वारली किंवा कातकरी घरांतून ह्याचें उत्तर ‘नाहीं’ असें येऊं शकतें, आणि त्याच घरांतला तरुण मुलगा वर्षांतून तीनचारदां हाडांच्या असह्य वेदनांनीं अंथरुणाला खिळत असेल! उत्तर खोटें नसतें. प्रश्न अपुरा असतो.

ह्या वेदनांचें एक कारण सिकलसेलचा आजार. रक्तांतल्या वाटोळ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाला प्राणवायु पोंचत नाहीं. शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनीं १९१० सालीं अशा पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. भारतांत १९५२ सालीं नीलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या. आईबाप दोघांकडूनही दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य नुसता वाहक राहतो, आणि त्याला हिवतापापासून कांहीं संरक्षणही मिळतें. हिवतापाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जमातींत हा दोष टिकला, तो त्यामुळें.

ह्या जमातींचें रक्त पुष्कळांनीं तपासलें. तें काम मोलाचें आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांत माणूस नमुन्यापुरताच उरतो. रोगी भाताची लावणी कशी करतो, शाळेंत त्याचे दिवस कसे बुडतात, मुलीच्या सोयरिकीच्या वेळीं ‘वाहक’ ह्या एका शब्दाचा काय अर्थ लावला जातो, हें विचारणें समाजशास्त्राचें काम.

आपल्या जनगणनेचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १८७२ पासून १९३१ पर्यंत, त्या काळच्या शब्दांत सांगावयाचें तर, आंधळे, बहिरे-मुके, वेडे व महारोगी मोजले जात. पुढच्या चार जनगणनांत कोणी विचारलेंच नाहीं. १९८१ सालीं तीन प्रकारांचा प्रश्न आला, १९९१ सालीं गळाला, २००१ सालीं पांच प्रकार घेऊन परतला, २०११ सालीं आठ झाले. त्या वर्षीं देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग मोजले गेले, म्हणजे शेंकडा २.२१. आठांत ‘इतर’ नांवाचा एक कप्पा होता. सिकलसेलचा रोगी बसला तर त्यांतच. २०१६ च्या कायद्यानें मात्र एकवीस प्रकार सांगितले, आणि त्यांत हा आजार नांवानें आला. गंमत अशी कीं, त्याच कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठीं ज्या शेंकडा चार जागा राखल्या, त्यांच्या यादींत रक्ताचे आजार नाहींत!

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे वळूं. यंत्रांत बोटें गेलेला कामगार सर्वांना दिसतो. सिकलसेलचा कामगार धडधाकट दिसतो. उष्णता, श्रम आणि अंगांतलें पाणी कमी होणें ह्यांनीं त्याच्या वेदना उसळतात, खाडे पडतात, आणि मुकादमाच्या लेखीं तो कामचुकार ठरतो. जातीच्या दाखल्यावर आदिवासी, दवाखान्यांत रोगी, फाटकावर आळशी, कायद्यांत दिव्यांग! ह्यांपैकीं कोणतें नांव तो स्वतः घेईल? रोजगार जाईल ह्या भीतीनें तो एकही घेणार नाहीं, असेंही होईल. तो निवाडा संशोधकानें परस्पर करूं नये.

मग विचारावें कसें? संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं २००१ सालीं स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटानें ‘अपंग’ हा शब्दच टाळला. पाहणें, ऐकणें, चालणें, आठवणें, स्वतःचें आवरणें, बोलणें-समजणें, ह्यांत किती अडचण येते एवढेंच तो विचारतो. ही युक्ति चांगली. पण येणाऱ्या-जाणाऱ्या वेदनेला ह्या सहांत जागा नाहीं. ती शोधावयाची तर गेल्या वर्षीं कामाचे किती दिवस बुडाले, हें विचारावें लागेल. आणि विचारावयाचें केव्हां? भातकापणीनंतर पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. त्या दिवसांत आलेल्या अभ्यासकाला कुलूप भेटतें.

२०११ नंतरची जनगणना २०२७ सालीं व्हावयाची, असें जाहीर झालें आहे. पाहण्या त्याखेरीजही होतच राहतील. त्यांतल्या एखाद्या पाहणीची वही ह्याच आजारांतून गेलेल्या, गांवची बोली बोलणाऱ्या मुलीच्या हातीं द्यावी, आणि प्रश्नही तिला विचारूनच ठरवावे. विहिरीवरून हंडा आणतांना वाटेंत कितीदां बसावें लागतें, हा प्रश्न तिला सुचेल.