उजनी उतरते तेव्हा

मार्चअखेरीला पुण्याच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास दिसतात. एकीत उजनी धरण मायनसच्या वाटेवर असल्याची काळजी, दुसरीत भिगवणच्या फ्लेमिंगोंचा रंगीत फोटो. पाणी एकच, पण एका बातमीत दुसरीचा उल्लेख नसतो. मला ते खटकत होतं, म्हणून पाडव्याच्या सुमारास भिगवणजवळच्या कुंभारगावला गेले.

होडीवाले काका साठीचे. हिवाळ्यापासून पाडव्यापर्यंत पक्षी दाखवायचे, एरवी जाळी टाकून चिलापी धरायची. धरणात गाव गेलं तेव्हा ते शाळेत होते. "आमचं रान त्या तितं," म्हणून त्यांनी पाण्यातल्या एका जागेकडे बोट दाखवलं. मला तिथे चार-पाच शेकाटे पक्षी उभे दिसले. म्हणजे पाणी तिथे गुडघाभरसुद्धा नव्हतं.

पाणी किती आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "आजून प्लसमदी हाय. आन् मायनस झालं तरी खाली त्रेसष्ट टीएमसी ऱ्हातंयच की."

उजनीत ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. त्यातलं तळाचं ६३ टीएमसी हिशेबात धरत नाहीत. वरचं संपलं की टक्केवारी शून्याखाली जाते आणि सोलापूरकरांच्या तोंडचं पाणी पळतं. कालव्याला आवर्तन सुटलं की काठ मागे सरकतो. इथला उतार इतका मंद की पाणी थोडं खाली गेलं तरी एकरांनी चिखल उघडा पडतो. काही ठिकाणी लोक लगेच गाळपेर करतात. उरलेल्या चिखलावर पक्षी उतरतात. खाली मोहोळ-पंढरपूरकडे ज्या पाण्याची वाट बघतात, ते इथून गेल्याशिवाय इथल्या पक्ष्यांचं ताट वाढलं जात नाही.

या चिखलाला वास आहे. शेवाळ, मासळी, इंजिनचं डिझेल आणि त्याखाली काहीतरी कुजकं, गोडसर. घरी आल्यावरही दोन दिवस तो ओढणीला होता. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, तेव्हा नाकाला रुमाल लावायचा हक्क निदान मला तरी नाही. त्याच सांडपाण्याच्या खतावर पाण्यात शेवाळ माजतं आणि चिखलात किडे-अळ्या वळवळतात. नदीची ही दशा लाजिरवाणी आहे, आणि पक्षी त्याच चिखलावर पोसले जातात.

सगळ्यांच्या दुर्बिणी फ्लेमिंगोंकडे होत्या. मी टिलव्यांकडे बघत बसले. छोटा टिलवा वीस-पंचवीस ग्रॅमचा, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढा. त्याला जायचंय सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथे झाडही उगवत नाही. शिलाईमशीनच्या सुईसारखी त्याची चोच चिखलात खालीवर होत होती. तो मान वर करायला तयार नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये या पक्ष्यांना खाण्यावाचून दुसरं काम नसतं. लांब पल्ल्याचे काही पाणपक्षी उड्डाणाआधी वजन दीडपट करतात. ती चरबी हेच त्यांचं इंधन.

तेवढ्यात शेजारची होडी इंजिन चालू ठेवून थेट चिखलापर्यंत आली. हातभर लांब लेन्सवाले चौघे. एकाने ओरडून सांगितलं, "दादा, जरा उडवा ना, फ्लाइट शॉट पाहिजे!" त्यांच्या नावाड्याने इंजिनचा आवाज वाढवला, थवा उठला, कॅमेरे कडकडले. आमच्या काकांनी तोंड फिरवलं. त्यांनी केव्हाच इंजिन बंद करून बांबू हातात घेतला होता. "हे दिस त्येंचं खायाचं. उठीवलं की खाल्लेलं जळतं," एवढंच म्हणाले. त्या फोटोंना बक्षिसं मिळत असतील. मला ती सरळ चोरी वाटते.

पट्टकदंब निघून गेले होते. रात्री हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरायचं आणि दिवसा काठावर बसायचं, असा हिवाळा काढून ते हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात. पिवळे धोबी मात्र अजून होते. हिवाळ्यात मळकट दिसणारे हे पक्षी आता हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले होते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात यांच्या एका उपजातीला त्याने 'बीमा' हे नाव दिलं, ते या भीमा नदीवरून. वीण करायला ती कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत जाते.

पाहुणे निघाले की घरच्यांची घाई सुरू होते. पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर आर्ली आणि नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतात. घरट्याला ना काडी ना आडोसा. अंड्यांवर खड्यांसारखेच ठिपके, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळत नाही. टिटवी तर भर उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. अशा बेटावर लोकांना वाढदिवसाचा केक कापायचा असतो, हे काकांनी सांगितलं तेव्हा मी हसले. ते हसले नाहीत.

धरण लवकर मायनसमध्ये गेलं तर बरं का, असं मी विचारलं. ते बांबू टेकवून थांबले. "पक्ष्याला बरं. मासळीला न्हाई. आन् खालच्या गावांचं काय?" मग स्वतःशीच पुन्हा, "त्रेसष्ट टीएमसी हाय म्हना खाली."

काठावर पैसे देताना मी मे महिन्यात परत येते म्हणाले, आर्लीची पिल्लं बघायला.

"या की. पर ताई, बेटावर उतरायचं न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो. मागनं वाद नगं."