बातमीदाराला कागद द्या

‘आमच्या भागातला रस्ता सहा महिन्यांत उखडला, जरा बातमी लावा,’ असे फोन महापालिकेचे बीट सांभाळणाऱ्या बातमीदाराला पावसाळाभर येतात. बहुतेकांचे पुढे काहीच होत नाही. नगरसेवकाशी साटेलोटे असेल, असा संशय लगेच घेतला जातो. पण बहुतेक वेळा कारण साधे असते. खड्डा सगळ्यांना दिसतो, त्यामागचा निर्णय दिसत नाही आणि राजकीय बातमी निर्णयाचीच होते. काम कोणाला दिले, देयक कधी निघाले, दोषदायित्वाची मुदत शिल्लक असताना ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती का करून घेतली नाही? कार्यादेशाची प्रत आणि त्याच रस्त्यासाठी पुन्हा काढलेली निविदा, हे दोन कागद शेजारी ठेवले की तक्रारीची बातमी होते.

हे शोधणे बातमीदाराचेच काम नाही का? आहेच. पण तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा तुटपुंज्या मानधनावर असतो, वर जाहिरातीही त्यालाच आणाव्या लागतात. शिवाय अब्रुनुकसानी आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे; भारतीय न्याय संहितेत तिच्यासाठी कलम ३५६ आहे. नुसत्या ऐकीव आरोपावर डेस्क नाव छापणार नाही, आणि छापूही नये.

माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस लागतात, तोवर बातमी शिळी होते, हा आक्षेप अर्धाच खरा. २०१८च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. (तिथला कारकून कपाळाला आठ्या घालेल, ते गृहीत धरा.)

बातमीदारच विकला गेलेला असेल तर? २००९च्या विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’ प्रकरणानंतर ही शंका फाजील म्हणता येणार नाही. पण एकाने दाबलेला कागद दुसऱ्या दैनिकाकडे नेता येतो. तोंडी तक्रार मात्र तिथेही पहिल्यापासून सांगावी लागते. एकाच वेळी दोघांना ‘फक्त तुम्हालाच देतोय’ असे सांगू नका. दुसऱ्या दिवशी दोघेही तुमचा फोन उचलणार नाहीत. तुम्ही इच्छुक उमेदवार किंवा डावललेले ठेकेदार असाल तर तेही आधीच सांगून टाका. आणि फोन दुपारी करा; संध्याकाळी पाने लागत असताना तुमचा कागद वाचायला कोणालाही सवड नसते.