गिरीजच्या पट्ट्यातली चर्च आणि त्यांची माणसं

वसईगाव आणि पापडी मागे टाकून उत्तरेकडे निघालं की गिरीज लागतं. गावात हिरा डोंगरी आहे. तिच्या माथ्यावर दत्तमंदिर आहे आणि मराठ्यांच्या वज्रगडाची आठवणही. भोवती केळीच्या वाड्या, विहिरी, नाक्यानाक्यावर पांढरे क्रूस. बाहेरून येणारा माणूस हे पाहून थबकतो, गावकऱ्यांना मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. इथले जुने ख्रिस्ती लोक चर्चलाही देऊळच म्हणतात.

कोणता पंथ?

गिरीज, गास, भुईगाव, नंदाखाल, सांडोर या पट्ट्यात ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक, असंच समजायचं. प्रॉटेस्टंट पंथांपैकी बाप्टिस्टांचा मराठीशी संबंध आला तो मुख्यतः छापखान्यातून. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मराठी व्याकरण छापलं आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. पण मराठी खेड्यांत बाप्टिस्ट मंडळ्या फारशा रुजल्या नाहीत.

तरी वसईचं वेगळेपण लक्षात यावं म्हणून बाप्टिस्ट आणि कॅथलिक परंपरांतला फरक इथे कळून घेतलेला बरा. बाप्टिस्ट मंडळी जाणत्या वयात स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा घेते. आधी विश्वास धरणारी माणसं एकत्र येतात, मग चर्च उभं राहतं. वसईत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि ते ज्या गावात जन्मलं त्या गावाच्या धर्मग्रामाचं (पॅरिशचं) होतं. म्हणजे इथे चर्चचा इतिहास हा गावाचाच इतिहास असतो. कोण कुठे राहतं, कोणाची सोयरीक कुठे झाली, कोण कधी गेलं, हे सगळं धर्मग्रामाच्या वह्यांत नोंदलेलं असतं.

पोर्तुगीज आले तेव्हा

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन संघांचे धर्मगुरू आले आणि सोळाव्या शतकातच सांडोर, पापडी, रमेदी, नंदाखाल, आगाशी इथे चर्च उभी राहिली. हे सारं प्रवचनांच्या जोरावर झालं, असं समजण्याचं कारण नाही. सत्ता पोर्तुगीजांची होती, हिंदू मंदिरं पाडली गेली, आणि धर्म बदलणाऱ्याला सवलत व न बदलणाऱ्याला जाच, असा तो काळ होता. आजच्या श्रद्धेला त्याने उणेपणा येत नाही, पण लिहिताना तो झाकून ठेवणंही बरं नाही.

बाप्तिस्मा झाला तरी बोली गेली नाही, जात गेली नाही, शेतीही गेली नाही. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुपारी समाजाची सामवेदी बोली वसईतल्या हिंदू सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही बोलली जाते. तिलाच कादोडी म्हणतात. एकाची देवपूजा आणि दुसऱ्याची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), पण घरात आईशी बोलताना शब्द तेच.

याच वसईचा गोन्सालो गार्सिया जपानला गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. गिरीजच्या शेजारचं गासचं चर्च त्याच्याच नावाचं आहे.

१७३९: राजे गेले, माणसं राहिली

चिमाजी आप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी आणि युरोपीय साधू जहाजांतून निघून गेले. चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि वाईजवळच्या मेणवलीतली घंटा पाहणाऱ्या पुष्कळांना त्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा आहेत याचा पत्ताही नसतो.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथून पुढे सुरू होतो. धर्म केवळ सत्तेमुळे टिकला असता, तर सत्ता गेल्यावर तो वीस-पंचवीस वर्षांत विरून जायला हवा होता. तसं झालं नाही. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक तहानेच दिली होती आणि पेशवाईतही मिस्सा चालू राहिली. गोव्याहून आलेले आणि इथलेच धर्मगुरू काम पाहत. त्यांची संख्या तोकडी होती, त्यामुळे रोजची भक्ती घरावर आणि गावच्या क्रूसावर येऊन पडली. संध्याकाळी क्रूसापुढे जमून रोझरीची माळ जपायची, आणि उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचं पुराण गायचं. फादर फ्रान्सिस्को वाझ दे गिमारायश याचं मराठी पुराण १६५९ मध्ये छापलं गेलं आणि उत्तर कोकणातले ख्रिस्ती ते पिढ्यान्‌पिढ्या गात आले. पुस्तक घरोघर नसे. जे पाठ होतं तेच गायचं.

गोवा की मुंबई?

इंग्रज आल्यावर वेगळाच पेच पडला: इथल्या चर्चवर हुकूम कोणाचा? पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेल्या जुन्या अधिकाराला पदरोआदो म्हणत, तर रोमहून थेट चालणाऱ्या कारभाराला प्रोपगांडा. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारानंतर वसई दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये मुंबईच्या आर्चडायोसीसला जोडली गेली, आणि २२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे.

देऊळ आणि पतपेढी

धर्मगुरू म्हणजे फक्त वेदीपुढचा माणूस, असं वसईत कधी नव्हतं. मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये सुरू केलेली सहकारी पतसंस्था आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून ओळखली जाते. केळी, पानवेल, भाजीपाला पिकवणाऱ्या आणि मुंबईच्या बाजारात नेऊन विकणाऱ्या कुटुंबाला सावकाराशिवाय उभं राहायचं, तर हाताशी पैसा हवा. तो या संस्थेने दिला. वसईच्या ख्रिस्ती समाजात शाळा वाढल्या, नोकऱ्या आल्या, त्यामागे शेतीतून शिल्लक राहिलेला पैसाही आहे.

मराठी मिस्सा

१९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेला वाट मोकळी केली. तोवर वेदीवरची भाषा लॅटिन. वसईत ती जागा मराठीने घेतली आणि नुसत्या प्रार्थनाच नाहीत, तर एक लेखकवर्गही पुढे आला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे संपादक झाले, त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हरित वसईच्या लढ्यात पाण्यासाठी, जमिनीसाठी रस्त्यावर उतरलेलेही तेच. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

आज

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. वाड्यांत इमारती उभ्या राहत आहेत. नवे रहिवासी देशभरातून येतात. त्यांतले कॅथलिक बहुधा इंग्रजी किंवा हिंदी मिस्सा शोधतात. तरुण कुपारी मुलंही घरी बोली बोलतात, शाळेत इंग्रजी. याचा परिणाम पहिल्यांदा गाण्यांवर आणि पाठांतरावर होतो.

म्हणून गिरीज आणि आसपासच्या वाचकांना एक विनंती. बाप्तिस्मा, लग्न, मयताच्या जुन्या नोंदवह्या तुमच्या धर्मग्रामात असतील तर त्यांची नीट छायाचित्रं घेण्याचं काम पॅरिश कौन्सिलकडे लावून धरा. वसईची दमट हवा कागदाला फार काळ टिकू देत नाही. आणि घरात पुराण किंवा लग्नगीतं पाठ असलेली म्हातारी मंडळी असतील, तर त्यांचा आवाज येत्या उपवासकाळातच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.