रविवार आला, पण विसावा?

बंगळुरूच्या उत्तरेला येलहंका. हवाई दलाचा तळ येथे फार पूर्वीपासून आहे. १९८४ साली रेल्वेची चाके आणि आस बनविणारा कारखाना येथे सुरू झाला. २००८ साली जवळच देवनहळ्ळीला विमानतळ झाला आणि रस्त्यावरची वर्दळ रात्रीही थांबेनाशी झाली. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या धावपळीत सामील आहेत. अशा ठिकाणी आठवडाभर वाट पाहायची ती रविवारची.

पण ख्रिस्ती घरातला रविवार कसा जातो? सकाळी उपासना, मुलांचे संडे स्कूल, गायनाचा सराव, मंडळीची बैठक, दुपारी पाहुणे. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना जाणवते, की सुटी संपली, शीण मात्र तसाच आहे. देवाचेच काम करूनही मन कोरडे का राहते?

आधी भाकर, मग बोध

पवित्र शास्त्रातील एलीया संदेष्ट्याची हीच अवस्था झाली होती. मोठे कार्य पार पाडल्यावर तो जिवाच्या भीतीने रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने त्याला रागे भरले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मगच त्याला पुढची वाट चालण्याचे बळ आले. वादळात, भूकंपात, अग्नीत न भेटलेला देव त्याला भेटला तो एका मंद वाणीत.

थकवा म्हणजे अविश्वास नव्हे. शरीर दमले की श्रद्धाही दमल्यासारखी वाटते. मात्र उदासी हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांचाही सल्ला अवश्य घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

विसावा द्यायचाही असतो

शब्बाथाची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. मुले-मुली, दास-दासी, गुरेढोरे, दारी आलेला परकादेखील त्या दिवशी विसावला पाहिजे, असे ती सांगते. विश्रांती हा सर्वांचा हक्क आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो सहजासहजी मिळाला नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली.

आज घराघरांत हा हक्क कोणाला मिळत नाही? बहुधा आईला! सर्वांचा रविवार तिच्या स्वयंपाकघरातील कामावर उभा असतो. एका रविवारी साधी खिचडी चालेल, भांडी मुले घासतील, वडील पाणी भरतील. आईला शांतपणे प्रार्थनेला बसता आले, तर तीही उपासनाच आहे.

घटकाभर एकांत

गर्दीमुळे शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभू येशूने त्यांना निवांत जागी चलायला सांगितले. तो स्वतःही पहाटे उठून एकांतात प्रार्थना करी. लोणावळ्याच्या साधना संस्थेत फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी श्वासाकडे लक्ष देण्यासारख्या भारतीय ध्यानपद्धतींची ख्रिस्ती प्रार्थनेशी सांगड घातली.

प्रत्येकाला लोणावळ्याला जाणे जमेलच असे नाही. पण घरातल्या घरात दहा मिनिटे जमतील. फोन बाजूला ठेवा. डोळे मिटून श्वास शांत होऊ द्या. शास्त्रातील एखादे लहानसे वचन मनात घोळवा. काही मागू नका, आधी नुसते बसा. मागण्यांची यादी देवाला ठाऊक आहेच.

आणि हो, मंडळीच्या एखाद्या कामाला प्रेमाने 'या आठवड्यात नको' म्हणायला शिका. देवाचे कार्य आपण झोपलो तरी चालूच असते. हा भरवसा ज्याला लाभला, त्याला सोमवारची सकाळ जड जात नाही.